वाचकांचे प्रश्न : दोन गुंगीची औषधं आणि उंदराची झोप

डायझेपाम आणि पेंटोबार्बिटाल यांसारखी दोन गुंगीची औषधं एकत्र दिली तर काय होतं, या विषयावर कोकणातून आलेली सहा पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरांत ‘उंदीर’ म्हणजे प्रयोगशाळेतला पांढरा माउस. रॅट (त्याहून मोठी, वेगळी जात) असेल तिथे रॅट असंच लिहिलं आहे. नुसतं ‘बार्बिटाल’ म्हणजे पेंटोबार्बिटालच्या कुळातली औषधं. ‘बार्बिटाल सोडियम’ हे त्यांतलंच एक वेगळं औषध.

प्रश्न : माझा प्रबंध जायफळाच्या अर्कावर आहे. बिया आमच्याच वाडीतल्या. उंदरांच्या एका गटाला अर्क, एकाला डायझेपाम, एकाला दोन्ही आणि मग सगळ्यांना पेंटोबार्बिटाल दिलं. दोन्ही मिळालेला गट कंट्रोलच्या, म्हणजे अर्क किंवा डायझेपाम न मिळालेल्या गटाच्या, जवळजवळ दुप्पट वेळ झोपला. ‘जायफळाचा अर्क डायझेपामचा झोप आणण्याचा गुण वाढवतो’ असं लिहिलं तर चालेल का? सर म्हणतात, परीक्षक लिव्हरचा प्रश्न काढतील.
— एम. फार्म. विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : सरांचं बरोबर आहे, आणि परीक्षकांनी तो प्रश्न काढलाच पाहिजे. पेंटोबार्बिटालचं काम संपतं ते मुख्यतः लिव्हरमधल्या एन्झाइमांनी ते मोडून टाकल्यावर. त्यामुळे उंदीर जास्त वेळ पडून राहिला तर त्याची निदान तीन कारणं संभवतात : मेंदू जास्त दबला, लिव्हरने पेंटोबार्बिटाल उशिरा मोडलं, किंवा उंदीर थंड पडला. घड्याळातला आकडा तिन्ही बाबतींत सारखाच वाढतो.

जायफळाच्या बाबतीत लिव्हरची शंका जास्तच घ्यायला हवी. त्यातल्या मायरिस्टिसिन आणि सॅफ्रोल या द्रव्यांची रासायनिक ठेवण अशी आहे की ती आधी हे एन्झाइम अडवतात आणि काही दिवस सतत दिली तर तेच एन्झाइम वाढवतात. म्हणून एका डोसनंतर झोप लांबलेली दिसेल, आणि तोच अर्क आठवडाभर रोज देऊन पाहिलात तर आखडलेलीही दिसू शकेल. तुमच्या प्रबंधात एकच डोस आहे की अनेक, हे पहिल्या पानावर यायला हवं. जायफळाच्या तेलाने दारूची झोप वाढते हे कोंबडीच्या पिलांवर १९७८ सालीच दाखवलं गेलं होतं, तेव्हा निरीक्षण म्हणून तुमचा निकाल अजिबात चमत्कारिक नाही. कारण कोणतं, एवढंच सिद्ध व्हायचं राहिलं आहे.

कारण वेगळं काढण्याचे तीन रस्ते आहेत. पहिला : पेंटोबार्बिटालऐवजी बार्बिटाल सोडियम वापरून पाहणं. ते लिव्हरमध्ये फारसं मोडत नाही, बहुतेक जसंच्या तसं लघवीवाटे जातं. त्याचीही झोप अर्काने लांबली, तर मेंदूवरच्या परिणामाला बळ मिळतं. बार्बिटाल सोडियमची झोप मात्र उशिरा लागते आणि तासन् तास टिकते, म्हणून सकाळी लवकर सुरुवात करावी लागते. दुसरा रस्ता आम्हाला सगळ्यात पटतो. उंदीर ज्या क्षणी उलटून उभा राहतो, त्या क्षणी त्याच्या मेंदूत पेंटोबार्बिटाल किती उरलं आहे ते मोजायचं. कंट्रोलइतकंच उरलं असेल, तर मेंदू तेवढाच संवेदनशील होता आणि औषध बाहेर जायला उशीर झाला. कंट्रोलपेक्षा कमी उरलेलं असूनही तो इतका वेळ पडून होता, तर अर्काने मेंदूच जास्त दाबला. तिसरा रस्ता म्हणजे लिव्हरच्या मायक्रोसोमवर (लिव्हरच्या पेशी फोडून मिळणाऱ्या, हे एन्झाइम असलेल्या कणांवर) परीक्षानळीतच एन्झाइमची तपासणी. त्याला आणखी वीस उंदीर लागत नाहीत, म्हणून शक्य असेल तर तोच आधी करा.

आता डायझेपामकडे. तुम्ही माणसांसाठीची अँप्युल वापरली असेल, तर तिच्यात १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम डायझेपाम असतं, पण सोबत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलही असतं. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही म्हणून ही सोय. दोन गोष्टी इथे बिघडतात. सलाइन घालून पातळ केलं की द्रावण दुधी होतं, कण खाली बसतात आणि सिरिंजमधला शेवटचा उंदीर पहिल्यापेक्षा वेगळा डोस घेतो. दुसरं, ते अल्कोहोल-ग्लायकॉल स्वतःही गुंगी आणतं. म्हणून कंट्रोल गटाला नुसतं सलाइन देऊन भागत नाही. प्रत्येक उंदराला तितकीच इंजेक्शनं, त्याच वेळी, त्याच व्हेइकलमध्ये (औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवात) मिळायला हवीत : अर्काच्या गटाला डायझेपामचं व्हेइकल, डायझेपामच्या गटाला अर्काचं व्हेइकल, कंट्रोलला दोन्ही व्हेइकल. पेंटोबार्बिटाल आणि दुसरं औषध एकाच सिरिंजमध्ये कधीच भरू नका. पेंटोबार्बिटाल सोडियमचं द्रावण अल्कलीधर्मी असतं, आम्लधर्मी औषध मिसळलं की साका बसतो.

डोसचा हिशेब उदाहरणादाखल असा. उंदीर २५ ग्रॅमचा, डोस किलोला ४० मिलिग्रॅम, म्हणजे उंदराला १ मिलिग्रॅम. द्रावण मिलिलिटरला ४ मिलिग्रॅमचं केलं की ०.२५ मिलिलिटर जातं, म्हणजे दर १० ग्रॅम वजनाला ०.१ मिलिलिटर. सगळ्या औषधांची द्रावणं याच मापाला बसतील अशी करा, म्हणजे ऐन वेळी आकडेमोड चुकत नाही. पोटातलं इंजेक्शन २६ किंवा २७ गेजच्या सुईने, उंदराचं डोकं खाली झुकवून, पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला द्या. डावीकडे मोठं अंधांत्र असतं. सुई आतड्यात गेली तर तो उंदीर झोपतच नाही, आणि मग ‘औषध लागू पडलं नाही’ अशी चुकीची नोंद होते.

मोजायचं काय, हेही आधी लिहून ठेवा. उंदराला उताणा ठेवला आणि तो पालथा होत नाही, तिथून राइटिंग रिफ्लेक्स (पालथं होण्याची उपजत क्रिया) गेला. एका मिनिटात दोनदा स्वतःहून पालथा झाला, तिथे तो परत आला. ‘एकदा हलला’ याला जागं होणं धरू नका. नोंद घेणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटाचा हे माहीत नसावं. कमाल किती वेळ थांबायचं तेही आधी ठरवा, आणि त्यापलीकडे झोपलेले उंदीर सरासरीत कोंबू नका. त्यांच्यासाठी सर्व्हायव्हल पद्धतीचं (मोजणी संपेपर्यंत जागे न झालेलेही हिशेबात धरणारं) संख्याशास्त्र असतं.

शेवटी, बियांची अवस्था तपासून घ्या. पावसात उतरवलेलं, नीट न वाळलेलं जायफळ बुरशी धरतं आणि त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होऊ शकतं. ते लिव्हरलाच इजा करतं, आणि इजा झालेली लिव्हर पेंटोबार्बिटालची झोप लांबवते. बुरशी धरलेल्या बियांवर केलेला प्रयोग कितीही काटेकोर असला तरी तो जायफळाचा प्रयोग राहत नाही.

प्रश्न : दोन औषधांच्या परिणामांची बेरीज अपेक्षेपेक्षा जास्त आली की ‘सिनर्जी’ म्हणतात. मग एकट्या ‘अ’ औषधाने झोप शून्य मिनिटं, एकट्या ‘ब’ने शून्य मिनिटं आणि दोन्हींनी चाळीस मिनिटं, ही सिनर्जीच ना?
— संख्याशास्त्राचे प्राध्यापक, कुडाळ

उत्तर : नाही, एवढ्यावरून नाही. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही पेंटोबार्बिटालच आहे असं समजा. किलोला २० मिलिग्रॅम दिलं, उंदीर पडला नाही. दुसऱ्या उंदराला दुसऱ्या बाटलीतलं २० दिलं, तोही पडला नाही. दोन्ही मिळून ४० दिलं आणि उंदीर चाळीस मिनिटं आडवा झाला. शून्य अधिक शून्य चाळीस मिनिटं झाली, पण औषध तर एकच! डोस आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेचं नसल्यामुळे मिनिटांची बेरीज फसवते.

बेरीज करायची ती डोसची. निम्म्या उंदरांचा राइटिंग रिफ्लेक्स घालवणारा डोस, म्हणजे ई.डी. ५०, आधी प्रत्येक औषधाचा एकट्याने काढायचा. आलेखाच्या एका अक्षावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि दोन बिंदू जोडणारी सरळ रेघ. हा आयसोबोलोग्राम. मिश्रणाचा ई.डी. ५० त्या रेघेवर पडला तर साधी बेरीज, रेघेच्या खाली पडला तर सिनर्जी, वर पडला तर एकमेकांना विरोध. समजा (आकडे केवळ समजण्यासाठी) ‘अ’चा ई.डी. ५० आला ४०, ‘ब’चा ४, आणि मिश्रणात १२ व ०.८ एवढ्याने काम झालं. १२ भागिले ४० म्हणजे ०.३, ०.८ भागिले ४ म्हणजे ०.२, बेरीज ०.५. रेघेवर ही बेरीज एक येते. इथे ती एकपेक्षा बरीच कमी, म्हणजे सिनर्जी.

डायझेपामच्या बाबतीत एक अडचण येते. ते एकटं दिलं की उंदीर डळमळतो, सैल पडतो, पण फार मोठा डोस नसेल तर राइटिंग रिफ्लेक्स सहसा पूर्ण जात नाही. मग त्याचा ई.डी. ५० काढणार कुठून? अशा वेळी पेंटोबार्बिटालचा ई.डी. ५० डायझेपामच्या ठरावीक डोससोबत किती खाली येतो एवढंच पाहतात.

असं का होतं, ते रिसेप्टरवर कळतं. गाबा हे मेंदू शांत करणारं मेंदूतलंच रसायन, आणि ते पेशीवर जिथे बसतं तो गाबा-ए रिसेप्टर. दोन्ही औषधं त्याच रिसेप्टरवर बसतात, पण जागा वेगळ्या. डायझेपाम तिथली क्लोराइडची वाट जास्त वेळा उघडायला लावतं, बार्बिटाल ती उघडल्यावर जास्त वेळ उघडी ठेवतं. डायझेपामला काम करायला मेंदूतला स्वतःचा गाबा लागतो, म्हणून त्याच्या परिणामाला एक छत आहे. बार्बिटाल मोठ्या डोसमध्ये गाबा नसतानाही ती वाट उघडतं. एकट्या डायझेपामने श्वास थांबण्याचा धोका कमी, पण बार्बिटालसोबत किंवा दारूसोबत मोठा, याचं मूळ इथे आहे. फ्लुमाझेनिल हे उताऱ्याचं औषध फक्त डायझेपामच्या जागेवर चालतं. मिश्रणातली बार्बिटालची गुंगी त्याने उतरत नाही.

प्रश्न : जानेवारीत केलेला पेंटोबार्बिटालचा प्रयोग जुलैत पुन्हा केला. उंदीर तेच, डोस तोच, पण झोपेचे वेळ जुळत नाहीत आणि एकाच गटातही फार वरखाली होतात. काय पाहावं?
— प्राणिगृहाचे तंत्रज्ञ, चिपळूण

उत्तर : सगळ्यात आधी उंदराचं तापमान. बार्बिटालच्या गुंगीत उंदराला अंगची ऊब राखता येत नाही, आणि एवढासा जीव भराभर थंड होतो. थंड शरीरात औषध हळू मोडतं, झोप लांबते, आणखी थंडी, आणखी झोप. पावसाळ्यात ओली हवा, वरचा पंखा आणि ओलसर पिंजरा असेल तर पंख्याखालचे उंदीर कोपऱ्यातल्यांपेक्षा हमखास जास्त झोपतात. गटातली वरखाली बहुधा इथलीच. झोपलेल्या उंदराला कापडाने झाकलेल्या ऊबदार पॅडवर ठेवा, गुदद्वाराचं तापमान ३६ ते ३७ अंशांच्या आसपास राहतं का ते पाहा, आणि पॅड जास्त तापून उंदीर भाजणार नाही याचीही काळजी घ्या. दोन गुंगीची औषधं एकत्र असतील तेव्हा हे दुप्पट महत्त्वाचं : जो गट जास्त दबला तोच जास्त थंड होतो, आणि सिनर्जी नसताना सिनर्जी दिसते.

मग अंथरूण. भाताचं तूस आपल्याकडे सहज मिळतं, पण जुलैत ते ओल धरतं, बुरशी येते, अमोनिया साठतो. वाळवून, निर्जंतुक करून, हवाबंद ठेवा आणि एरवीपेक्षा लवकर बदला. तूस संपलं म्हणून सुतारवाड्यातून देवदार-पाइन जातीच्या लाकडाचा भुसा आणला असेल, तर कारण सापडलंच. त्या लाकडातली तेलं लिव्हरचे एन्झाइम वाढवतात आणि बार्बिटालची झोप आखडते, हे १९६७ सालापासून माहीत आहे.

वीज गेली की दिव्यांचं टायमर मागे पडतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. बारा तास उजेड, बारा तास अंधार हे चक्र दोनतीन तासांनी सरकलं की सकाळी दहाचा उंदीर प्रत्यक्षात वेगळ्याच प्रहरात असतो, आणि बार्बिटालची झोप प्रहराप्रमाणे बदलते. टायमर इन्व्हर्टरवर घ्या. खोलीतली आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत असावी असं म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर आषाढात हे डीह्युमिडिफायरशिवाय जमत नाही, हे संस्थेला लेखी कळवा.

आणि रॅट वापरत असाल तर नर-मादी मिसळू नका. हेक्झोबार्बिटालसारखी औषधं नर रॅट मादीपेक्षा बरीच लवकर मोडतो. उंदरात हा फरक जातीप्रमाणे बदलतो.

प्रश्न : विहिरीत पडलेल्या बिबट्याला वनखात्याने डार्ट मारून काढलं. तो निपचित होता, पण डोळे सताड उघडे. हा झोपेत असतो की शुद्धीत?
— वाचक, संगमेश्वर

उत्तर : दोन्ही नाही. अशा डार्टमध्ये आपल्याकडे बहुधा केटामिन आणि झायलाझिन ही जोडी असते, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरालाही शस्त्रक्रियेसाठी हीच देतात (किलोला केटामिन ८० ते १००, झायलाझिन १० मिलिग्रॅमच्या आसपास). केटामिन गाबावर फारसं विसंबत नाही. ते एन.एम.डी.ए. हा मेंदूपेशींना चेतवणारा रिसेप्टर अडवून मेंदूला बाहेरच्या जगापासून तोडतं. डोळे उघडे राहतात, स्नायू ताठ होतात. झायलाझिन मेंदूतलं जागं ठेवणारं नॉरअड्रिनलिन दाबतं, स्नायू सैल करतं आणि केटामिनचा डोस कमी ठेवू देतं. पापण्या मिटत नसल्यामुळे डोळे सुकतात, म्हणून उंदराच्या डोळ्यांत मलम घालतात आणि बिबट्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात.

उतारा देताना घाई झाली तर घोटाळा होतो. योहिंबिन किंवा अटिपामेझोल फक्त झायलाझिन उतरवतं. केटामिन अजून अंगात असताना ते दिलं, तर प्राणी ताठरतो, धडपडतो, झटके येऊ शकतात. म्हणून केटामिनचा जोर ओसरेपर्यंत थांबतात. झायलाझिनने रक्तातली साखरही चढते. मधुमेहाच्या प्रयोगातल्या उंदरांना ही जोडी देऊन लगेच साखर मोजली, तर तो आकडा टाकून द्यावा लागतो.

प्रश्न : अकरावीच्या मुलांना शिकवताना विचारते : राइटिंग रिफ्लेक्स गेलेला उंदीर ‘झोपला’ असं पुस्तकं लिहितात. ही आपल्यासारखी झोप का?
— जीवशास्त्राच्या शिक्षिका, देवगड

उत्तर : नाही, आणि मुलांना हे आवर्जून सांगा. झोपलेल्याला हलवलं की तो उठतो, एक रात्र जागवलं की पुढे जास्त झोपतो, आणि झोपेत एन.आर.ई.एम. (संथ, शांत झोप) व आर.ई.एम. (डोळे भिरभिरणारी, स्वप्नांची झोप) अशा पाळ्या येतात. बार्बिटालने आडव्या पडलेल्या उंदराला हलवून उठवता येत नाही आणि त्या पाळ्याही नसतात. ती गुंगी किंवा भूल आहे.

खरी झोप मोजायची तर ईईजी (मेंदूच्या विद्युत लाटांची नोंद) आणि मानेच्या स्नायूंचं ईएमजी (स्नायूंच्या विद्युत हालचालीची नोंद) लागतं. भूल देऊन कवटीत बारीक स्क्रू बसवतात, मानेत तारा ओवतात, मग उंदराला सावरायला आठवडाभर तरी देतात आणि केबलची सवय करतात. नोंद चार किंवा दहा सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. संथ, मोठ्या डेल्टा लाटा आणि सैल मान म्हणजे एन.आर.ई.एम. नियमित थीटा लाटा आणि जवळजवळ मेलेली मान म्हणजे आर.ई.एम. गुंगीच्या औषधांची जोडी तपासताना ती अंधार पडण्याच्या सुमारास देणं बरं, कारण उंदीर रात्री जागा असतो आणि झोप वाढायला वाव राहतो. दिवसा तो बहुतेक झोपलेलाच असतो, त्यात आणखी काय वाढणार? इंजेक्शनच्या धसक्यानेच उंदीर बराच वेळ जागा राहतो, म्हणून व्हेइकलचं इंजेक्शन त्याच उंदराला दुसऱ्या दिवशी देऊन तुलना करतात.

असं मोजल्यावर चित्र पालटतं. डायझेपामने एन.आर.ई.एम.ची मिनिटं वाढली तरी डेल्टा लाटा दुबळ्या होतात आणि आर.ई.एम. घटतं. बार्बिटालही आर.ई.एम. दाबतं, म्हणून दोन्ही एकत्र दिली की मिनिटं जास्त आणि झोप उथळ अशी स्थिती होऊ शकते. औषध थांबल्यावर दबलेलं आर.ई.एम. उसळून येतं, तेव्हा दुसऱ्या दिवसाची नोंद टाळून चालत नाही. याउलट ओरेक्सिन हे जागं ठेवणारं मेंदूतलं रसायन अडवणारी सुवोरेक्सांटसारखी औषधं आर.ई.एम. तसं दाबत नाहीत. १९९९ साली गाबा-एच्या अल्फा-१ उपघटकात एकच बदल केलेले उंदीर तयार झाले, आणि त्यांच्यात डायझेपामची गुंगी नाहीशी झाली. पुढे त्याच उंदरांचा ईईजी पाहिला तर झोपेच्या लाटांवरचा डायझेपामचा परिणाम बराचसा तसाच होता. गुंगी एका दाराने येते आणि झोपेतला बदल दुसऱ्या, हे दाखवणारा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

शाळा-कॉलेजात हे प्रत्यक्ष करू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, पेंटोबार्बिटाल आणि केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. पाँडिचेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेने बनवलेल्या एक्सफार्मसारख्या संगणक-प्रणालीवर असे प्रयोग शिकवता येतात, बी. फार्म.लाही आता तेच करतात.

प्रश्न : वय ६८. झोपेसाठी डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिलं आहे. गुडघेदुखीला ट्रामाडोल, सर्दीला क्लोरफेनिरामिनचं सिरप आणि पावसाळ्यात नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल, हे वेगवेगळ्या डॉक्टरांकडून. उंदरांवरचं ज्ञान मला काही सांगतं का?
— निवृत्त पोस्टमास्तर, गुहागर

उत्तर : सांगतं, पण डोस सांगत नाही. रॅटच्या रक्तातून निम्मं डायझेपाम साधारण तासाभरात जातं, माणसाला त्यासाठी २० ते ५० तास लागतात. म्हणून प्राण्यांतले मिलिग्रॅम किंवा मिनिटं आपल्याला लावता येत नाहीत. दोन यंत्रणा मात्र लावता येतात : औषधांनी मिळून मेंदू जास्त दबणं आणि लिव्हरने औषध उशिरा मोडणं. तुमच्या यादीत त्या दोन्ही आहेत. अल्प्राझोलाम डायझेपामच्याच कुळातलं आहे, आणि ट्रामाडोल ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक आहे. अल्प्राझोलामसोबत ते श्वासाचं केंद्र जास्त दाबतं, आणि अशा जोडीबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ साली सर्वात कडक इशारा औषधपत्रकात छापायला लावला. क्लोरफेनिरामिन त्यात पेंग आणि तोल जाण्याची भर घालतं. रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती इथून.

इट्राकोनाझोलने स्वतः झोप येत नाही, पण अल्प्राझोलाम मोडणारं लिव्हरचं एन्झाइम ते अडवतं. नेहमीचीच गोळी मग जास्त काळ आणि जास्त जोराने चढते. या दोन कॅप्सूल-गोळ्या एकत्र घेऊ नयेत असंच औषधपत्रकात लिहिलेलं असतं, आणि वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्यावर हीच जोडी नजरेतून सुटते. चारही पाकिटं एका पिशवीत घालून अल्प्राझोलाम देणाऱ्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. तोवर दारूचा थेंबही नको. अल्प्राझोलाम मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने झोप पार उडते आणि झटकेही येऊ शकतात. ते टप्प्याटप्प्याने कमी करायचं असतं. घरच्यांना सांगून ठेवा : हाक मारून, हलवून उठत नाहीत, घोरणं तुटक झालं, ओठ निळसर दिसले, तर कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन करायचा, आणि चारही पाकिटं रुग्णवाहिकेत सोबत द्यायची.